ड्रॅक्युलाची उभी कॉलर कुठल्या पुस्तकात आहे?

ड्रॅक्युला म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो काळा झगा, मानेमागे ताठ उभी कॉलर आणि चापून मागे बसवलेले केस. फ्रँकेन्स्टाईन म्हटलं की चपटं डोकं, मानेत खिळे आणि नुसतं उं उं करत चालणारा तो धिप्पाड गडी. आता मूळ कादंबऱ्या उघडा. ब्रॅम स्टोकरच्या पुस्तकात काउंट ड्रॅक्युला पहिल्यांदा भेटतो तो पांढऱ्या लांब मिशांचा म्हातारा, तळहातावर केस असलेला, आणि रक्त पीत जातो तसा तरुण होत जातो. मेरी शेलीचा राक्षस आठ फुटी, पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा आणि बोलायला इतका पटाईत की पानंच्या पानं बोलतो, कवी मिल्टन आणि चरित्रकार प्लूटार्क वाचलेला आहे तो! खिळे नाहीत, कॉलर नाही, विजेच्या ठिणग्या उडवणारी लॅबसुद्धा नाही.

मग हे सगळं आलं कुठून? साधारणपणे लोक म्हणतात हॉलिवूडवाल्यांनी घुसडलं. थोडंफार घुसडलंच त्यांनी, पण पुस्तक आणि सिनेमा यांच्या मधे जवळजवळ शंभर वर्षांचं नाटक आहे आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. निदान मराठी वाचकाने तरी ते विसरू नये, नाटकवेडे आपण म्हणवतो ना स्वतःला.

सुरुवात १८१६ पासून करू, कारण ती करावीच लागते. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आणि वायू वर जाऊन पसरले आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी व्हिला दिओदाती नावाच्या बंगल्यात कवी बायरन उतरलेला, बरोबर त्याचा विशीतला डॉक्टर जॉन पोलिडोरी. जवळच राहणारे कवी पर्सी शेली, पुढे त्याची बायको झालेली अठरा वर्षांची मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर हे रोजचे येणारे. बाहेर पाऊस थांबेना म्हणून ही मंडळी जर्मन भुताच्या गोष्टींचं फ्रेंच भाषांतर वाचत बसली आणि बायरन म्हणाला, चला, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. मोठ्या कवींनी थोडंफार लिहून सोडून दिलं. पूर्ण केलं ते मेरीने आणि त्या डॉक्टरने.

मेरीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी तिचं पहिलं बाळ दिवसांआधी जन्मलं आणि काही दिवसांतच गेलं. तिने डायरीत एक स्वप्न लिहून ठेवलंय, की बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गार पडलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपुढे चोळलं आणि ते जिवंत झालं. मेलेल्यात जीव आणणाऱ्या माणसाची कादंबरी लिहायला बसलेली मुलगी ही होती. पुस्तक १ जानेवारी १८१८ ला आलं, पाचशे प्रती, लेखिकेचं नावच नाही, पुष्कळांना वाटलं पर्सीनेच लिहिलंय.

पोलिडोरीच्या गोष्टीची तर वेगळीच गंमत. 'द व्हँपायर' १८१९ मध्ये मासिकात छापून आली ती थेट बायरनच्या नावावर! बिचारा पोलिडोरी ओरडत राहिला. पण बायरनच्या नावामुळे गोष्ट तुफान गाजली आणि तिथून पुढे व्हँपायर म्हणजे रक्त पिणारं, खेड्यातलं फुगलेलं प्रेत न राहता उच्चभ्रू, देखणा, बायकांना भुरळ घालणारा सरदार झाला. लॉर्ड रुथवेन त्याचं नाव. ड्रॅक्युलाचा खरा पूर्वज हाच. तो व्लाद नावाचा रोमानियन राजा सगळे पुढे करतात खरे, पण स्टोकरने त्याच्याबद्दल फार काही वाचलेलं दिसत नाही, १८९० मध्ये व्हिटबी गावच्या लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकातून त्याने ड्रॅक्युला हे नाव उचललं, त्याआधी टिपणांमध्ये काउंटचं नाव चक्क काउंट व्हँपिर होतं. काउंटचा किल्ला ज्या ट्रान्सिल्व्हेनियात आहे तिथे तर स्टोकर आयुष्यात गेला नाही.

आता नाटक. लंडनमध्ये इंग्लिश ऑपेरा हाउस नावाचं थिएटर होतं, तेच लायसियम. तिथे १८२० मध्ये जेम्स प्लांशेने व्हँपायरवर नाटक केलं. प्लांशेचं म्हणणं होतं स्कॉटलंडमध्ये व्हँपायर कुठले, पण मॅनेजरकडे स्कॉटिश कपडे तयार पडलेले होते आणि त्याला स्कॉटिश संगीतही हवं होतं, म्हणून व्हँपायर गेला स्कॉटलंडला. निर्मात्याची ही जात तेव्हापासूनची! याच नाटकासाठी स्टेजच्या फळ्यांमध्ये स्प्रिंगवर उघडमिट करणारी दोन झडपांची युक्ती बसवली, नट त्यातून गडप व्हायचा आणि प्रेक्षकाला वाटायचं भिंतीतून किंवा जमिनीतून आरपार गेला. रंगभूमीवाले त्या सोयीला पुढे व्हँपायर ट्रॅपच म्हणायला लागले. व्हँपायरचं काम करणारा नट होता टी. पी. कुक.

तीनच वर्षांनी, १८२३ मध्ये, त्याच थिएटरात रिचर्ड पीकने फ्रँकेन्स्टाईन स्टेजवर आणला आणि राक्षस कोण तर पुन्हा टी. पी. कुक, अंगाला निळसर रंग फासून. इथे दोन गोष्टी घडल्या ज्या आजपर्यंत सुटलेल्या नाहीत. एक, पीकने राक्षसाला मुका केला. कादंबरीतलं ते सगळं वक्तृत्व गेलं आणि उरला मूकाभिनय. दुसरं, राक्षस बनवणाऱ्या शास्त्रज्ञाला (फ्रँकेन्स्टाईन हे नाव खरं तर त्याचं) फ्रिट्झ नावाचा नोकर दिला, कादंबरीत असा कुणी नाही. १९३१ च्या सिनेमात तो कुबडा मदतनीस आहे ना, त्याचं नाव फ्रिट्झच आहे. (इगोर नंतरचा, १९३९ च्या भागातला, आणि लोक दोघांची सरमिसळ करतात.)

नवरा गेल्यावर इटलीहून नुकतीच परतलेली मेरी वडिलांबरोबर ते नाटक बघायला गेली. तिला सगळ्यात आवडलं काय तर पात्रांची यादी, तिथे कुकच्या नावासमोर राक्षसाचं नाव नव्हतं, नुसती रेघ मारलेली. ज्याला नाव नाही त्याला असंच लिहायला हवं असं तिने मित्राला पत्रात कळवलंय. नाटकाच्या बोलबाल्यावर वडिलांनी त्याच वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढवली आणि या वेळी तिचं नाव छापून आलं. म्हणजे नाटक चाललं म्हणून पुस्तक चाललं, हा क्रम नीट लक्षात घ्या.

ते थिएटर १८३० मध्ये जळालं, चार वर्षांनी नवं उभं राहिलं. १८७८ पासून तिथे राज्य होतं हेन्री आयर्व्हिंग या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या नटाचं आणि त्याचा बिझनेस मॅनेजर होता एक आयरिश गृहस्थ, ब्रॅम स्टोकर. हो, तोच! तिकीटविक्री, दौरे, आयर्व्हिंगचा पत्रव्यवहार सगळं बघायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये आयर्व्हिंगच्या निमंत्रणावरून अमेरिकेतून आलेला रिचर्ड मॅन्सफील्ड इथे जेकिल आणि हाइडचं नाटक करत होता. स्टीव्हन्सनची कादंबरी १८८६ ची, त्यात जेकिल आणि हाइड एकच माणूस आहे हे अगदी शेवटी कळतं आणि नायिका वगैरे भानगडच नाही, नाटकाने त्याला वाग्दत्त वधू दिली आणि रूपांतर प्रेक्षकांसमोर आणलं. मॅन्सफील्ड चेहरा असा काही बदलायचा की लोक हादरायचे. त्याच सुमारास व्हाइटचॅपलमध्ये जॅक द रिपरचे खून सुरू झाले आणि एका प्रेक्षकाने पोलिसांना पत्र लिहिलं की इतकं हुबेहूब करणारा हा नटच खुनी असणार! पुढच्या सिनेमांनी पुस्तकातली उकल सोडली आणि नाटकातलं रूपांतर आणि नायिका उचलली. १९३१ च्या सिनेमातल्या जेकिल-हाइडसाठी फ्रेडरिक मार्चला ऑस्कर मिळालं, तिथे एका रंगाचा मेकअप आणि कॅमेऱ्यापुढे फिल्टर बदलायचा, बस्स, चेहरा कट न घेता बदलतो.

स्टोकरला लायसियममध्ये भेटलेल्या पाहुण्यांमध्ये रिचर्ड बर्टन होता. बर्टनने १८७० मध्ये आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या होत्या आणि वेताळाला सरळ व्हँपायर करून टाकलं होतं. यावरून वेताळ हाच ड्रॅक्युलाचा बाप असं आपल्याकडे छातीठोक सांगणारे भेटतात, त्याला तसा पुरावा नाही. प्रेतात शिरून कोडी घालणारा आपला वेताळ कुठे आणि तो काउंट कुठे. पण बर्टन बोलताना त्याचा सुळा खंजिरासारखा चमकायचा हे स्टोकरने स्वतः आठवणींत लिहिलंय, तेवढं मात्र खरं.

'ड्रॅक्युला' २६ मे १८९७ ला प्रसिद्ध झाली. त्याच्या आठ दिवस आधी लायसियमच्या स्टेजवर तिचं घाईघाईत केलेलं नाट्यवाचन झालं, नाटकाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून, चार तासांच्या वर चाललं म्हणे. स्टोकरची इच्छा होती की आयर्व्हिंगने काउंट करावा. आयर्व्हिंगने कधीच केला नाही.

हक्क जपलेले बरेच कामी आले. १९१२ मध्ये स्टोकर वारला आणि १९२२ मध्ये जर्मनीत प्राना फिल्मने परवानगी न घेता 'नोस्फेरातू' काढला, दिग्दर्शक मुर्नाऊचा, काउंटचं नाव बदलून ऑर्लोक केलं की झालं असं त्यांना वाटलं असावं. स्टोकरची बायको फ्लॉरेन्स खमकी होती. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी तिने सोडलं नाही, १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रिंट नष्ट करायचा हुकूम दिला, काही सुटल्या म्हणून आज बघायला मिळतो. सूर्यप्रकाशाने व्हँपायर मरतो हा नियम या सिनेमाचा आहे. कादंबरीत ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याच्या शक्ती कमी होतात, आणि मरतो तो दोन सुऱ्यांनी, त्यातली एक तर चक्क कुकरी आहे.

फ्लॉरेन्सने हक्क दिले ते हॅमिल्टन डीनला. हा डीन तरुणपणी आयर्व्हिंगच्या नावाच्या कंपनीत होता, म्हणजे फिरून लायसियमच. १९२४ मध्ये डर्बी गावात त्याने नाटक लावलं. दौऱ्यावरच्या कंपनीला किल्ला, जहाज, बर्फातला पाठलाग कुठून परवडणार, म्हणून सगळी गोष्ट इंग्लंडातल्या घरात आणली आणि काउंट तिथे पाहुणा म्हणून येतो. पाहुणा म्हणजे रात्रीचा सूट आलाच. आणि कॉलर? शेवटाकडे इतर पात्रं त्याला धरतात आणि हातात रिकामा झगा राहतो, नट फळीतून खाली. प्रेक्षकांकडे पाठ केल्यावर डोकं दिसू नये म्हणून ती उंच, ताठ कॉलर. गायब होण्याच्या ट्रिकची सोय होती ती, आणि शंभर वर्षं झाली तरी फॅन्सी ड्रेसवाली पोरं ती घालून फिरतायत.

न्यूयॉर्कसाठी १९२७ मध्ये जॉन बॉल्डरस्टन या पत्रकाराने ते नाटक नीट बांधलं, तिथे काउंट झाला बेला लुगोसी, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीचा सिनेमा आला तोही नाटकावरून, लुगोसीलाच घेऊन. त्याच सेटवर रात्री वेगळी टीम येऊन स्पॅनिश 'ड्रॅक्युला' शूट करायची, आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत तो स्पॅनिश खरंच जास्त चांगला जमलाय, बघून ठरवा.

फ्रँकेन्स्टाईनचा रस्ताही डीनवरूनच जातो. १९२७ मध्ये पेगी वेब्लिंगने लिहिलेलं नाटक त्याने केलं, स्वतः राक्षस होऊन, आणि त्यात शास्त्रज्ञ राक्षसाला आपलंच नाव देतो. राक्षसाला फ्रँकेन्स्टाईन म्हणणाऱ्याला टोकणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं. त्यावर पुन्हा बॉल्डरस्टनने हात फिरवला, युनिव्हर्सलने विकत घेतलं आणि दिग्दर्शक जेम्स व्हेलने १९३१ च्या शेवटी सिनेमा आणला. मेकअपवाल्या जॅक पिअर्सचा हिशोब असा, की मेंदू घालायचा तर सर्जन कवटी डब्याच्या झाकणासारखी कापणार, म्हणून डोकं चपटं. मानेतले खिळे म्हणजे विजेचे इलेक्ट्रोड. पापण्यांवर मेण लावायची कल्पना नटाची स्वतःची, गाल खोल दिसावा म्हणून त्याने एका बाजूचे खोटे दात काढून ठेवले.

तो नट बोरिस कार्लॉफ, खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील हिंदुस्थानात ब्रिटिशांच्या मीठखात्यात होते आणि आईची मावशी म्हणजे सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजवाड्यात शिकवणारी प्रसिद्ध अ‍ॅना लिओनोवेन्स, जिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा, आताचं अहिल्यानगर! बाई आयुष्यभर वेल्समध्ये जन्मले म्हणून सांगत राहिल्या, घराण्यातलं हिंदी रक्त लपवायला. तर हॉलिवूडच्या सगळ्यात गाजलेल्या राक्षसाचं आजोळ शोधत गेलात तर नगरच्या छावणीपर्यंत पोचता. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये राक्षसाच्या नावापुढे कार्लॉफचं नाव नाहीये, नुसतं प्रश्नचिन्ह आहे, मेरीला आवडलेल्या त्या रेघेचाच हा नातू.

पुढचं भराभर सांगतो. एच. जी. वेल्सची कादंबरी 'द इनव्हिजिबल मॅन' ड्रॅक्युलाच्याच सालची, तिचा १९३३ चा सिनेमाही व्हेलचाच. १९३२ च्या 'द ममी'मागे धड कादंबरी नाही, इजिप्तच्या तुतानखामेन राजाची कबर सापडल्याची हवा होती आणि पटकथेला परत आपला बॉल्डरस्टन. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मागेही कादंबरी नाही, त्यातली जुनी लोककविता वाटणारी चारोळी पटकथाकार कर्ट सिऑडमॅकने स्वतः रचलेली आहे.

१९५७ मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने फ्रँकेन्स्टाईन रंगीत काढायचं ठरवलं तेव्हा मोठीच अडचण आली. कादंबरी कुणीही घ्यावी, हक्क कधीच संपलेले, पण चपटं डोकं आणि खिळे युनिव्हर्सलचे, त्यांना हात लावला की वकील दारात. म्हणून ख्रिस्तोफर लीला वेगळाच, ठिगळं लावलेला चेहरा दिला. पुढच्या वर्षी तोच ली ड्रॅक्युला झाला, लाल डोळे आणि रक्ताने माखलेले सुळे घेऊन. लुगोसीच्या सिनेमात शोधून बघा, काउंटचे सुळे एकदाही दिसत नाहीत, ते पुस्तकात मात्र पहिल्या भेटीपासून आहेत.