शेततळ्याचा कागद खाली का सरकतो?

एप्रिलमधल्या रिकाम्या शेततळ्यावर भर दुपारी जा. काळा कागद फुगलेला, सुरकुत्या पडलेला दिसेल. त्याच काठावर पहाटे जा, तर तोच कागद ताणून बसवल्यासारखा. शेतकरी ज्याला कागद म्हणतात ते असतं एचडीपीई प्लास्टिक, जाडी बहुधा 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. 20 मीटर उतारावरचा कागद मोकळा असता, तर तापमानातल्या 40 अंशांच्या फरकाने तो 10 ते 15 सेंटीमीटर वाढला असता.

वाढताना त्याला स्वतःचं वजन खाली ओढतं. रात्री आकसताना वर चढायचं, तर तेच वजन आडवं येतं. त्यामुळे रोज केसभर सरकणं होतं आणि ते परत फिरत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल कॅथेड्रलच्या छपरावरचे शिशाचे पत्रे असेच दोन वर्षांत सुमारे 45 सेंटीमीटर उतरले. खिळे ठोकून पाहिले, तर खिळेच उपटून आले! पत्रा आपोआप घसरावा इतका उतार तिथे नव्हताच. इंग्रज गणितज्ञ हेन्री मोझली यांनी 1855 साली कारण सांगितलं: ऊन आणि थंडी.

पण कागदाला उतारावर धरून ठेवणारं घर्षणसुद्धा कायम तेवढंच राहत नाही. प्रयोगशाळेत दोन भागांच्या पेटीत खाली कागद, वर माती आणि त्यावर वजन ठेवून पेटीचा एक भाग पुढे-मागे ओढतात. चिकणमाती असेल तर तिचे पापुद्र्यासारखे कण रगडून आडवे झोपतात आणि माती गुळगुळीत होते. पकड वाढावी म्हणून मुद्दाम खडबडीत केलेल्या कागदाचे उंचवटे झिजतात, त्याला लागून कापड अंथरलेलं असेल तर त्याचे धागे उपसून निघतात. पहिल्या ओढीला मिळालेली पकड पुढच्या ओढींना मिळत नाही, कधी निम्म्यावर येते. गुळगुळीत कागदावर वाळू आणि वर भरपूर वजन असेल, तर मात्र कण प्लास्टिकमध्ये रुतून चरे पाडतात आणि पकड वाढूही शकते. म्हणून नुसतं ‘प्लास्टिक आणि माती यांचं घर्षण’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. कुठली माती, किती ओली, कितवी ओढ, हे आधी विचारावं. आणि उताराचा हिशोब करताना, माझ्या मते, झिजून उरलेली पकडच धरावी.

उन्हाला जे करायला महिने लागतात, ते भूकंप काही सेकंदांत करतो. 17 जानेवारी 1994 रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला. चिकिटा कॅन्यनच्या कचराभूमीत प्रत्येक हेलकाव्याला कचरा थोडा खाली सरकला आणि त्याच्याखाली अंथरलेल्या अशाच प्लास्टिकच्या अस्तराला ओढत गेला. अस्तराची वरची कड मात्र, आपण शेततळ्याच्या काठाला कागद चर खणून गाडतो, तशीच पक्की गाडलेली होती. ते फाटलं, आणि फाटलं ते या काठाजवळच.