बेळे म्हणजे पीक की डाळ?

किनवट-माहूरच्या डोंगरातली कोलामी ही ‘मराठीचीच एक बोली’ असं अजूनही बिनदिक्कत सांगितलं जातं. ती तेलुगू-कन्नडच्या कुळातली, द्राविडी भाषा आहे. ‘सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडे फिरून यावं. कोलामी धोक्यात आहे हे खरं. पण ‘दर पंधरा दिवसांना जगातली एक भाषा मरते’ हे फिरवत बसू नये. नंतरच्या मोजणीत ते प्रमाण साधारण तीन महिन्यांना एक असं निघालं. तेही काही कमी नाही.

अशा भाषांचे शब्द जमवायला निघालेल्या उत्साही मंडळींची पहिली चूक होते ती लिपीत. मराठीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. द्राविडी भाषांत असतो आणि त्यावर अर्थ फिरतो. उदगीर-देगलूरच्या शेजारचं कन्नड घ्या: बॆळॆ (पहिला ए ऱ्हस्व) म्हणजे पीक, बेळॆ (पहिला ए दीर्घ) म्हणजे डाळ. आपल्या वहीत दोन्ही ‘बेळे’च! कोलामीतही हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे आहेत. म्हणजे वही भरते, पण पुढे बोलणारं कुणी उरलं नाही तर तिच्यावरून उच्चार काढता येत नाही. देवनागरीत ऱ्हस्व ए-ओसाठी ऎ, ऒ ही अक्षरं आहेत. फोनच्या मराठी कीबोर्डवर ती सहसा दिसत नाहीत, एवढंच.

कानही फसतो. सुटा शब्द विचारला की सांगणारा शेवटचा स्वर आपसूक लांबवतो आणि ऱ्हस्व दीर्घ वाटू लागतो. म्हणून शब्द एखाद्या ठरावीक वाक्याच्या मधोमध बसवून तीनदा म्हणवून घ्यायचा. माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला, म्हणजे फुंकर थेट बसत नाही. पंखा बंद. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा गोधड्या रचलेली खोली बरी. रेकॉर्डिंगची फाइल न दाबलेली, म्हणजे वेव्ह (WAV), 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबला जातो आणि स-शमधला बारकावा पुसट होतो.

दुसरा खड्डा प्रश्नातच असतो. ग्रेट अंदमानी भाषांत नुसता ‘हात’ म्हणता येत नाही, कुणाचा ते जोडावंच लागतं. यादीत ‘हात’समोर उतरतो तो ‘माझा हात’. माझा, तुझा, तिचा असं ओळीनं विचारलं तरच जोड सुटी होते. त्याच कुळातली बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बोआ सीनियर 26 जानेवारी 2010 रोजी वारल्या. बोमध्ये विचारायचं राहिलेलं आता कुणाला विचारणार?