नव्या जलवाहिनीतून पाणी सोडण्यापूर्वी

गावच्या नळयोजनेला प्रशासकीय मान्यता मिळते ती खर्चासाठी, आणि तांत्रिक मान्यता आराखडा व अंदाजपत्रकासाठी. उद्भवाला (विहीर, बोअर अशा पाण्याच्या स्रोताला) पाणी पुरेल का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाहते. चर खोदताना पाइपात चिखल गेला का, हे मात्र यातल्या कुठल्याच कागदावर दिसत नाही. त्यासाठी वाहिनीचं निर्जंतुकीकरण असतं, आणि उद्घाटनाच्या घाईत नेमकं तेच राहून जातं.

आधी वाहिनी धुवायची. गाळ शिल्लक असेल तर क्लोरीन त्यातच खर्च होतो. १०० मिमी व्यासाच्या पाइपात सेकंदाला ०.९ मीटर वेग हवा, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२५ लिटर. इतकं पाणी न मिळाल्यास गाळ जागचा हलत नाही, म्हणून सखल जागी वॉशआउट व्हॉल्व्ह, म्हणजे गाळ बाहेर सोडायच्या झडपा, हव्यातच.

मग लिटरमागे २५ मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी भरून २४ तास ठेवायचं. अशा एक किलोमीटर पाइपात सुमारे ७,८५० लिटर मावतं. त्याला १९६ ग्रॅम क्लोरीन लागतो. ३३ टक्के ताकदीची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ६०० ग्रॅम पुरते. पोतं उघडं, दमट जागी राहून ताकद २० टक्क्यांवर आली असेल, तर जवळपास एक किलो. पोत्यावरचा आकडा पाहून हिशेब केला की डोस कमी पडतो. २४ तासांनंतर लिटरमागे किमान १० मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. नाही उरला, तर पुन्हा धुणं आलं. हे पाणी ओढ्यात सोडू नये, मासे मरतात.

वाहिनी पुन्हा धुऊन नमुना घ्यायचा तो क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत. साध्या बाटलीतला क्लोरीन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतू मारत राहतो आणि दूषित वाहिनीचाही अहवाल स्वच्छ येतो! भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) आढळता कामा नये. नायट्रेट (मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम) आणि फ्लोराइड यांवर क्लोरीनचा इलाज नाही. ती तपासणी उद्भव निवडतानाच व्हायला हवी.

योजना सुरू झाल्यावर जलसुरक्षकाने (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याने) ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी, करायची ती टाकीखाली नव्हे, शेवटच्या घरच्या नळाला. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला पाण्याच्या धोक्यानुसार हिरवं (कमी), पिवळं (मध्यम) किंवा लाल (जास्त) कार्ड मिळतं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात तुंबलेलं पाणी आणि गळकी जोडणी हे सर्वेक्षणात हमखास सापडणारे दोष. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब जातो आणि खड्ड्यातलं पाणी त्याच फटीतून आत ओढलं जातं.