‘प्रायमर’ची पेटी कागदावर मांडताना

‘प्रायमर’ पाहून उठणाऱ्यांचे सरळ दोन तट पडतात. काहींना डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं, तर काही जण कोण कधी कुठे होता याचे बाण काढायला बसतात. २००४ साली सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणारा, काळात मागे नेणारी पेटी बनवणाऱ्या एब आणि ॲरन या दोन अभियंत्यांचा हा ७७ मिनिटांचा चित्रपट शेन करुथ यांनी सुमारे ७,००० डॉलरमध्ये केला. करुथ गणित शिकलेले. पात्रांची अर्धवट, एकमेकांवर चढणारी तांत्रिक बोली त्यांनी तशीच ठेवली. ती उलगडून सांगायला कुणी प्राध्यापक पडद्यावर येत नाही. २००९ मध्ये ‘एक्सकेसीडी’ या वेबचित्रमालिकेचे कर्ते रँडल मन्रो यांनी चित्रपटांच्या कथानकांचे विनोदी आलेख काढले, तेव्हा ‘प्रायमर’च्या वाट्याला नुसता रेघोट्यांचा गुंता आला. पण पेटीतून काळात मागे जाण्याची पहिली फेरी अर्ध्या कागदावर स्वच्छ बसते. (चित्रपट पाहायचा राहिला असेल तर इथेच थांबा, पुढे सगळी गुपितं फुटणार आहेत.)

कागदावर वेळ खालून वर मांडा. समजा पेटी सकाळी ९ ला सुरू होते. ती हाताने नव्हे, टायमरने सुरू करायची: पावणेनऊला येऊन बटण दाबायचं आणि निघून जायचं. नाहीतर ९ ला पेटीतून बाहेर येणारे तुम्ही आणि बटण दाबणारे तुम्ही समोरासमोर याल. मग हॉटेलच्या खोलीत, कुणाशी न बोलता, ३ वाजेपर्यंत बसायचं. ही पहिली रेघ, ९ पासून ३ पर्यंत वर जाणारी. ३ ला पेटीत शिरायचं. आता रेघ खाली वळते आणि ९ पर्यंत उतरते. ९ ला बाहेर पडलात की तिसरी रेघ पुन्हा वर.

बहुतेकांची चूक मधल्या रेघेत होते. ते तिथे उडी दाखवतात. पेटीत उडी नाही. सहा तास मागे जायला आत सहा तास काढावेच लागतात. म्हणून हिशेब असा: मध्यरात्रीपासून ३ पर्यंत १५ तास, पेटीत ६, पुन्हा ९ पासून मध्यरात्रीपर्यंत १५. एकूण ३६ तासांचा दिवस. चार-पाच दिवस असे काढले तर माणूस खंगणारच, त्यासाठी वेगळं गूढ शोधायला नको.

आता दुपारी १२ वर एक आडवी रेघ मारा. ती तुमच्या मार्गाला तीन ठिकाणी छेदते: एक हॉटेलात, एक पेटीत, एक मोकळा फिरणारा. हे चित्र भौतिकशास्त्राला नवं नाही. १९४९ मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) म्हणजे काळात उलटा जाणारा इलेक्ट्रॉन असं मानून गणित मांडलं. बाहेरून पाहणाऱ्याला ९ वाजता एक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी जन्मताना दिसेल आणि ३ वाजता पॉझिट्रॉन मूळ इलेक्ट्रॉनला भेटून दोघेही नष्ट होताना दिसतील. विद्युतभाराचा हिशेब चोख: उणे एक, अधिक एक, उणे एक, म्हणजे एकच इलेक्ट्रॉन.

ऊर्जेचा हिशेब मात्र असा जुळत नाही. पॉझिट्रॉनची ऊर्जाही धनच असते, त्यामुळे जोडी जन्माला घालायला किमान १.०२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेरून द्यावे लागतात. ७० किलोच्या माणसासाठी तोच हिशेब १४० किलो वस्तुमानाचा होतो, म्हणजे सुमारे १.३ × १०^१९ ज्यूल. १२ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांच्या गाडीच्या बॅटरीत साधारण २२ लाख ज्यूल मावतात. बॅटऱ्या लागतील जवळपास सहा लाख कोटी. ही ऊर्जा ९ ला उसनी घेतली तर ३ ला परत मिळते खरी, पण त्या क्षणी पेटीजवळ कुणी उभं राहू नये.

एक गोष्ट मात्र चित्रपटात फार नेमकी आहे. पेटी सुरू झाली त्याआधीच्या वेळेत जाता येत नाही. मॉरिस, थॉर्न आणि युर्टसेव्हर यांनी १९८८ मध्ये कृमिविवरातून (अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्यातून) कालयंत्राची कल्पना मांडली, तिलाही हीच मर्यादा आहे.

गुंता खरा होतो तो उत्तरार्धात. आधी एब स्वतःच्या जुन्या रूपाला लांबून पाहतो, हात लावत नाही. जे घडलं तेच घडतं. भूतकाळ बदलता येत नाही, या नोविकोव्ह यांच्या सुसंगतीच्या तत्त्वात हे बसतं. नंतर ॲरन आपल्याच आधीच्या रूपाला गुंगीचं औषध देतो. म्हणजे ३ वाजता पेटीत शिरणारा कुणी उरतच नाही आणि कागदावरची खाली उतरणारी रेघ वरच्या टोकाला लोंबकळत राहते. इथे डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये सुचवलेला मार्ग घ्यावा लागतो: प्रवासी ज्या जगातून निघाला, त्याहून वेगळ्या जगात उतरतो. चित्रपट हा नियमबदल सांगत नाही. म्हणून ज्या क्षणी कुणी भूतकाळात ढवळाढवळ करतो, त्या क्षणी नवा कागद घ्या आणि येणाऱ्याच्या रेघेवर आधीच्या कागदाचा क्रमांक टाका. घडी घातलेली पेटी दुसऱ्या पेटीतून नेली जाते तेव्हाही हीच पद्धत चालते, फक्त कागद भराभर वाढतात.

चित्रपटाच्या सुरुवातीची, वस्तूचं वजन घटवण्याची खटपट अनेकांना शुद्ध बडबड वाटते. ती तशी नाही. अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा) पदार्थ चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, हा १९३३ मध्ये सापडलेला मायस्नर परिणाम. १९९२ मध्ये पॉडक्लेटनोव्ह यांनी फिरत्या अतिवाहक चकतीवर वजन किंचित घटल्याचा दावाही केला होता. इतरांना तो पडताळून दाखवता आला नाही. गुरुत्व अडवायला ऋण वस्तुमान हवं, आणि ते कुणाकडे नाही.

राहिला श्वास. पेटी एक घनमीटरची आणि हवाबंद धरली, तर स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतो आणि त्याहून थोडा कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो. सहा तासांत आतला कार्बन डायऑक्साइड ८ टक्क्यांच्या आसपास जातो. तेवढ्यात शुद्ध हरपते, ऑक्सिजन पुरेसा असला तरीही. त्यामुळे नुसता ऑक्सिजनचा छोटा डबा नेऊन भागणार नाही. सोबत कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइमसारखा पदार्थही हवा. मुखवट्यातून ताजा वायू घेऊन उच्छ्वास पेटीतच सोडायचा म्हटलं, तर मिनिटाला ७ लिटरने सहा तासांत अडीच हजार लिटर वायू लागतो. हवाबंद पेटीत तो जाणार कुठे? आतला दाब साडेतीनपट होईल.