नजरचूक कुठली आणि घोडचूक कुठली

३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अल्पबचतीचे व्याजदर कमी केल्याचा आदेश काढला. पीपीएफ ७.१ टक्क्यांवरून ६.४ वर, ज्येष्ठ नागरिकांची योजना ७.४ वरून ६.५ वर, पोस्टातलं साधं बचत खातं ४ वरून ३.५ वर. आपल्या कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींची त्या रात्री झोप उडाली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे १ एप्रिलला (तारीखही कशी साधली बघा), अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्वीट करून सांगितलं की आदेश अनवधानाने निघाले होते, ते मागे घेतले जातील. त्याच दिवशी पश्चिम बंगाल आणि आसामात मतदानाचा दुसरा टप्पा होता.

अनवधान म्हटलं की आपण समजून घेतो. माणूस आहे, चुकायचंच. पण तो तक्ता पुन्हा बघा. हात घसरला तर एखादा आकडा चुकतो. ४ च्या जागी ४० पडतं, दशांश चिन्ह सरकतं. इथे ओळीमागून ओळ खालच्याच दिशेने गेली होती आणि प्रत्येक योजनेत कपात वेगवेगळी, हिशेब करून ठरवावी तशी होती. हे टंकलेखनाचं काम दिसत नाही. कुणीतरी बसून ठरवलेलं दिसतं. माझ्या मते ही घोडचूक होती आणि तिला नजरचुकीचे कपडे घालून बाहेर काढलं गेलं.

मोठ्या लोकांच्या, सरकारी खात्यांच्या आणि कंपन्यांच्या फजितीच्या बातम्या वाचताना हा घोळ आपण सगळेच करतो. नजरचूक आणि घोडचूक यांत फरक आकाराचा नाही. लहान ती नजरचूक आणि मोठी ती घोडचूक, असं समजलात की फसलात. नजरचुकीत ठरवलेलं बरोबर असतं, करताना बिघडतं. घोडचुकीत करताना काहीच बिघडत नाही, ठरवलेलंच चुकीचं असतं. तांबड्या रश्श्यात मिठाच्या डब्याऐवजी साखरेच्या डब्यात हात गेला, तर ती नजरचूक. पाहुणे पुण्याचे आहेत म्हणून मुद्दाम चार चमचे साखर घातली, तर ती घोडचूक. रस्सा दोन्हीकडे वायाच जातो, म्हणून तर गल्लत होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी माणसांच्या हातून होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना हीच फोड केली होती. ओळखायचा सोपा प्रश्न एकच: सगळ्यांनी आपापलं काम ठरल्याप्रमाणे चोख केलं असतं, तर हे टळलं असतं का? टळलं असतं तर नजरचूक. तरीही घडलंच असतं, तर घोडचूक.

जिभेच्या बाबतीत तर वरवर बघून काहीच कळत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भाषणाला उभे राहिले आणि पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांचं भाषण वाचू लागले. पोर्तुगीज भाषक देशांपैकी ब्राझील आणि पोर्तुगाल असे दोघे आज इथे एकत्र आहेत, याचा आनंदही त्यांनी व्यक्त केला. साधारण तीन मिनिटांनी आपले राजदूत हरदीपसिंग पुरी यांनी त्यांना थांबवून योग्य कागद हाती दिला. देशभर हसू झालं. तरीही ही निखळ नजरचूक. समोर कागदांचा ढीग होता, वरचा उचलला गेला. भारताचं धोरण एका शब्दानेही बदललं नाही.

आता जेराल्ड रॅटनर. ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या दागिन्यांच्या साखळी दुकानांचे प्रमुख. एप्रिल १९९१ मध्ये लंडनमध्ये उद्योजकांच्या भरसभेत त्यांनी सांगितलं की आमच्या वस्तू इतक्या स्वस्त मिळतात, कारण त्या टाकाऊ आहेत. वर कानातल्यांबद्दल म्हणाले की ती कोळंबीच्या सँडविचपेक्षा स्वस्त असली तरी टिकणार मात्र त्याहून कमी. लोक हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीचं बाजारमूल्य घसरायला लागलं. घसरण सुमारे ५० कोटी पौंडांवर गेली. पुढे रॅटनर यांना कंपनी सोडावी लागली आणि कंपनीला नाव बदलावं लागलं. आजही हा किस्सा ‘जीभ घसरली’ म्हणून सांगितला जातो. घसरली कुठे? विनोद भाषणात लिहून आणलेला होता आणि त्या धर्तीचे विनोद त्यांनी आधीही केले होते. गुजरीतल्या एखाद्या सराफाने स्वतःच्या पेढीवर बसून ‘आमचा साज पितळेच्या लायकीचा’ असं गिऱ्हाइकाला हसत हसत सांगावं, असला प्रकार. त्याला जीभ घसरणं म्हणत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फूट गाठले होते. त्या आठवड्यात तीन गोष्टींवरून सरकारवर टीकेची झोड उठली. एक, पूरग्रस्त भागात बोटीतून फिरताना मंत्री गिरीश महाजन कॅमेऱ्याकडे बघून हात हलवताना दिसले. दोन, क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तर १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत, असा शासन निर्णय निघाला. तीन, मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि स्थानिक आमदार यांच्या फोटोंचे स्टिकर लागले.

समाजमाध्यमांवर सगळ्यात जास्त गाजला तो पहिला प्रकार. माझ्या लेखी तो सगळ्यात हलका. कॅमेरा दिसला की पुढाऱ्याचा हात आपोआप वर जातो. लाज वाटण्यासारखं आहे, पण त्यामागे ठरवणं नाही. शासन निर्णयाचं प्रकरण जास्त गंभीर. पाणी दीड दिवसात ओसरलं म्हणून घरातलं पीठ कोरडं राहत नाही, हे फाइल पुढे सरकवणाऱ्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि स्टिकर? फोटो निवडावा लागतो, मजकूर ठरवावा लागतो, छापखान्यात ऑर्डर द्यावी लागते, गठ्ठा आणावा लागतो आणि मग माणसं बसवून एकेका पाकिटावर चिकटवावा लागतो. गावं पाण्यात असताना हे सगळं बिनचूक पार पडलं. एकही स्टिकर तिरका लागला नसेल कदाचित. घोडचूक ती हीच.

प्राडाचं प्रकरणही याच तराजूत घालता येतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये या इटालियन कंपनीने अंगठ्याची आणि पट्ट्याची जी पादत्राणं पुरुष मॉडेल्सच्या पायांत घातली, ती बघून आपल्या चप्पल लाईनमधल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं काय आहे ते. कंपनीने मात्र नुसतं ‘चामड्याच्या सँडल’ म्हटलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर असे आठ जिल्हे त्यात येतात. ओरड झाल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला.

श्रेयाची ओळ लिहायची राहून गेली, एवढंच होतं का? तसं असतं तर कागदावर कुठेतरी ‘कोल्हापुरी’ लिहिलेलं सापडलं असतं आणि छापताना गळलं असतं. नमुना, कातडं, शिलाई, छायाचित्रं, माहितीपत्रक, एवढ्या हातांतून ती चप्पल गेली. त्यांतल्या कुणालाच नाव लिहावंसं वाटलं नाही. मात्र घोडचूक होती म्हणूनच दुरुस्तीला पत्रापासून करारापर्यंत यावं लागलं. नजरचूक असती तर एका ओळीच्या खुलाशावर भागलं असतं.

इथवर सोपं होतं. खरी गोची पुढे आहे. नजरचूक फार महागात पडते तेव्हा तिच्या खाली बहुधा एक जुनी घोडचूक दबा धरून बसलेली असते.

८ डिसेंबर २००५. जपानची मिझुहो सिक्युरिटीज ही दलाली कंपनी. जे-कॉम नावाच्या, बाजारात नव्याने आलेल्या कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. दलालाने १ येनला ६,१०,००० शेअर विकायला काढले. त्या कंपनीचे एकूण शेअरच होते १४,५००. निर्भेळ नजरचूक. पण संगणकाने दिलेला इशारा ओलांडून पुढे जाता येत होतं, ते कुणी ठरवलं? अस्तित्वात असलेल्यापेक्षा चाळीसपट शेअर विकायची ऑर्डर टोकियो शेअर बाजाराच्या यंत्रणेने स्वीकारली कशी? मिझुहोने ऑर्डर रद्द करायचा प्रयत्न केला, तर बाजाराच्याच संगणकातल्या दोषामुळे ती रद्द होईना. सुमारे ४,००० कोटी येनचं नुकसान झालं. बाजाराच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला, आणि पुढे न्यायालयाने बाजारालाही भरपाईत वाटा उचलायला लावला. बोट एकाचं घसरलं, पण घसरगुंडी आधीच बांधून ठेवलेली होती.

सिटी बँकेचं २०२० चं प्रकरण त्याहून बोलकं आहे. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज सावकारांना पाठवायचं होतं. गेले जवळपास ९० कोटी डॉलर, म्हणजे सगळी मुद्दलच. बँकेच्या संगणक प्रणालीत मुद्दल बाहेर जाऊ द्यायची नसेल तर तीन वेगवेगळ्या चौकोनांत खूण करावी लागे. केली एकाच चौकोनात. भरणारा एक, तपासणारा दुसरा, मंजुरी देणारा तिसरा. पहिले दोघे भारतात बसलेले, तिसरा अमेरिकेत. तिघांनीही पडद्याकडे बघून बरोबर आहे म्हटलं. तिघांनी तपासलं म्हणजे चूक होणार नाही, असं आपल्याला वाटतं. पण तिघेही एकाच गैरसमजात असतील तर तिसरी सही पहिलीचीच झेरॉक्स असते. सुमारे ५० कोटी डॉलर परत मिळवण्यासाठी बँकेला कोर्टात जावं लागलं. २०२१ मध्ये ती हरली, २०२२ मध्ये अपिलात जिंकली.

अमेरिकेतल्या हवाई राज्यात तर नजरचूक म्हणून जाहीर झालेली गोष्ट तपासात वेगळीच निघाली. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी तिथल्या लोकांच्या मोबाइलवर संदेश आला की क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, ही रंगीत तालीम नाही. खोटा इशारा असल्याचा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. आधी सांगण्यात आलं की पाळी बदलताना कर्मचाऱ्याने चुकीचा पर्याय निवडला. पुढे चौकशीत निघालं की त्याला हल्ला खराच वाटला होता, कारण तालमीसाठी वाजवलेल्या ध्वनिमुद्रणातच ‘ही तालीम नाही’ हे वाक्य होतं. त्याने तर कामच केलं! इशारा एकट्याला पाठवता येत होता, रद्द करण्याचा मजकूर मात्र तयार नव्हता. या घोडचुका वरच्यांच्या. गव्हर्नर डेव्हिड इगे यांना इशारा खोटा असल्याचं दोनच मिनिटांत कळलं होतं, पण ट्विटरचं लॉगिन लक्षात नसल्यामुळे त्यांना लोकांना सांगायला उशीर झाला. एवढ्या गोंधळातली खरीखुरी नजरचूक म्हणायची तर बिचाऱ्या गव्हर्नरांची ही.

कर्मचाऱ्याला काढण्यात आलं. नजरचूक हा शब्द कार्यालयांना का आवडतो ते इथे कळतं. नजरचुकीला एक लिपिक पुरतो. त्याला कारणे दाखवा नोटीस द्यायची, शुद्धिपत्रक काढायचं, विषय मिटला. घोडचुकीला शुद्धिपत्रक चालत नाही. तिथे ‘स्थगिती’ येते, मग समिती येते, मग अहवाल.

कोल्हापूरकरांना हे सांगायची गरज नाही. शहरातल्या रस्त्यांसाठी ३० वर्षं टोल, असा करार झाला तेव्हा कुणाचं बोट घसरलं नव्हतं. निविदा, ठराव, सह्या, शिक्के सगळं रीतसर. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसं रस्त्यावर उतरली, अख्खं शहर मागून गेलं, तेव्हा कुठे २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याचं जाहीर झालं. रस्ते करणाऱ्या कंपनीचे पैसे मात्र सरकारी तिजोरीतून भागवावे लागले.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं खातं ‘अनवधानाने’ म्हणालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करून बघा. महाराष्ट्रातल्या कार्यालयासाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘चूक कुणाची’ असं विचारू नका, मत मागितलं की अर्ज परत येतो. मूळ आदेशाची मंजूर टिपणी आणि शुद्धिपत्रकाची टिपणी, दोन्हींच्या सह्या-तारखांसह प्रती मागा. मंजूर टिपणीत आकडा बरोबर आणि आदेशात चुकीचा निघाला, तर लिपिक खरं बोलतोय. टिपणीतच तो चुकीचा आकडा असेल आणि खाली चार सह्या असतील, तर त्या चार जणांची नावं तुमच्या हातात आहेत.