रस्त्याचे दिवे मागवण्याआधी

फ्लाइट सिम्युलेटरसाठी (संगणकावर विमान उडवण्याचा प्रोग्राम) नागपूरची सीनरी, म्हणजे त्यात दिसणारं शहर, करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत सांगतात, "खांब अगदी खराखुरा पाहिजे, नटबोल्टसकट." नटबोल्ट करता येतात. पण आम्ही ते बहुधा करत नाही. का करत नाही, आणि त्याऐवजी तुमचे पैसे कशावर खर्च करतो, हे एकदा लिहून ठेवलेलं बरं.

वरून खांब दिसतो तरी किती?

मुख्य रस्त्यावरचा खांब ९ मीटर उंच आणि १५ सेंटीमीटर जाड धरा. तुमचा पडदा १,९२० पिक्सेल रुंद आणि नजरेचा कोन ६० अंश. एक किलोमीटरवरून हा खांब जेमतेम १५ पिक्सेल उंच दिसतो. जाडी भरते पाव पिक्सेल. अडीचशे मीटरच्या पुढे गेलात की जाडी एका पिक्सेलच्याही खाली येते, आणि मग खांब एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्रात) दिसतो, पुढच्या फ्रेममध्ये गायब होतो. अख्ख्या रांगेचं असं झालं की रस्त्यावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा खांब नसलेला परवडला.

म्हणून एका खांबाची आम्ही तीन रूपं करतो. जवळून दिसणारं रूप सव्वाशे त्रिकोणांच्या आत बसवतो (मॉडेलचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांचाच बनलेला असतो). रस्त्यावरचे नवे खांब मुळातच अष्टकोनी असतात, त्यामुळे आठ बाजू पुरतात. गोल खांबासाठी चोवीस बाजू लावत बसावं लागत नाही. मधलं रूप म्हणजे चार बाजूंची काडी आणि वर एक पेटी. तिसऱ्या रूपात खांबच नसतो, फक्त उजेड असतो. कोणतं रूप कधी दाखवायचं हे एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये मीटरच्या अंतरावर ठरतं, तर मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये वस्तूने पडद्याचा किती भाग व्यापलाय त्यावर. मॉडेल दोन्हीकडे ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्येच घडतं, पण एकासाठी ओबीजे८ फाइल लागते आणि दुसऱ्यासाठी जीएलटीएफ. एकाची फाइल दुसऱ्यात चालत नाही. तुम्ही कोणता सिम्युलेटर वापरता हे आम्ही सगळ्यात आधी विचारतो ते यासाठीच.

नटबोल्टची गोष्ट परत घेऊ. ६ किलोमीटरच्या रस्त्याच्या दुभाजकावर दर ३० मीटरला एक खांब लावला तर २०० खांब होतात, आणि दोन्हीकडे हात असले तर ४०० दिवे. एका खांबाला चार बोल्ट म्हणजे ८०० बोल्ट. त्यातला एकही तुम्हाला कॉकपिटमधून दिसणार नाही, मात्र प्रत्येकाचा भार तुमच्या ग्राफिक्स कार्डावर पडेल.

खरं काम उजेडाचं

रात्री वरून शहर बघताना खांब दिसतच नाहीत. दिसतो तो उजळलेला रस्ता. जुन्या सोडियम दिव्याची फुगीर काच बाजूनेही उजेड टाकायची, त्यामुळे लांबून नारिंगी ठिपका आधी दिसायचा आणि रस्ता मागून. आताच्या एलईडीचं तोंड चपटं आणि खाली वळलेलं असतं. वरून दिवा मंद दिसतो आणि त्याच्याखालचं डांबर उजळ. हा फरक जमला नाही तर मॉडेल कितीही सुबक असो, शहर ओळखीचं वाटत नाही.

रस्त्यावर पडणारा उजेडाचा डाग गोलही नसतो. तो रस्त्याच्या लांबीला ताणलेला असतो, कारण दिव्यातली भिंगं उजेड दोन्ही बाजूंच्या खांबांकडे ढकलतात. आम्ही डाग तसाच लांबट ठेवतो, आणि शेजारच्या डागांच्या कडा एकमेकांना जेमतेम लागतील एवढंच अंतर सोडतो. मुख्य रस्त्यावर चारशेचे चारशे दिवे खरोखर उजेड टाकणारे ठेवत नाही. विमानतळाजवळच्या पट्ट्यात तेवढे ठेवतो, कारण तिथे तुम्ही खाली आलेले असता. पुढे रस्त्याच्या पोतावरच (मॉडेलवर चढवलेल्या चित्रावरच) उजेड रंगवून देतो, तो फक्त रात्री उमटतो.

रंगासाठी तुमच्याकडून एक उत्तर हवं असतं: कोणत्या सालचं नागपूर? सोडियमचा रंग साधारण २,००० केल्विनचा, चांगलाच नारिंगी. रस्त्यावरचे एलईडी बहुधा ४,००० ते ५,७०० केल्विनच्या दरम्यान, पांढरे. गेल्या काही वर्षांत शहरातले बहुतेक दिवे बदलले, त्यामुळे लहानपणीचा वर्धा रोड हवा असेल तर तसं सांगा. एका काकांना तर त्याहून जुनं नागपूर हवं होतं: १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हाचं, जेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची. त्यांना आम्ही दिवे कमी लावून दिले आणि रंग साध्या पिवळ्या बल्बचा ठेवला. त्या कामात अंधारच जास्त होता, आणि तो नीट जमवायला आम्हाला दिव्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

वर्धा रोडचे तीन मजले

हा रस्ता आम्ही दोनदा केला, कारण पहिल्यांदा चुकलो. अजनीपासून विमानतळाच्या दिशेने ३.१४ किलोमीटर इथे खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. सिम्युलेटर कोणतीही वस्तू आपणहून जमिनीला टेकवतो. आम्ही पुलावरचे दिवे नकाशावर अगदी अचूक जागी ठेवले, आणि चाचणीत पाहतो तर सगळे खांब खालच्या रस्त्यावर उभे! काहींची मुंडकी पुलाच्या डांबरातून वर आलेली, जणू कोणी बुडताना हात वर केलाय. आता पुलावरच्या प्रत्येक दिव्याची उंची हाताने भरतो. वेळ लागतो, म्हणून उड्डाणपुलाचं काम साध्या रस्त्यापेक्षा महाग पडतं.

दुसरी चूक गमतीची होती. महानगरपालिकेच्या खांबांवर रंगाने क्रमांक घातलेले असतात. आम्ही एका खांबाचा फोटो काढून त्याचाच पोत सगळ्यांना चढवला, आणि ओळीने दोनशे खांब एकाच क्रमांकाचे झाले. ग्राहकाने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "भाऊ, बिल कोणत्या खांबाचं भरू?" तेव्हापासून क्रमांक पुसून घेतो. खालच्या दोन फुटांवरचे खर्र्याचे (तंबाखू-सुपारीच्या पिंकांचे) डाग मात्र ठेवतो. ते नसले तर बर्डीचा (सीताबर्डीचा) चौक बर्डीचा वाटत नाही.

आम्ही काय करत नाही

धावपट्टीच्या कडेचे पांढरे, सुरुवातीचे हिरवे, शेवटचे लाल आणि टॅक्सीवेचे निळे दिवे आमचे नव्हेत. ते विमानतळाच्या सीनरीतून येतात, आम्ही त्यांना हात लावत नाही. विमानतळालगतच्या रस्त्यावर दिव्यांची सरळ, एकसारखी, चकचकीत रांगही लावून देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. रात्री धुकं असेल तर अशी रांग धावपट्टी समजून माणूस फसतो. खऱ्या विमान वाहतुकीच्या नियमांतही अशा फसव्या दिव्यांना मनाई आहे. सिम्युलेटरवर हात बसवणाऱ्याला तरी चुकीची सवय का लावायची?

खांबांवरच्या जाहिरातींचे फलक आम्ही कोरे ठेवतो.

तुमच्याकडून काय लागेल

हव्या असलेल्या खांबाचे चार फोटो: दिवसा समोरून, दिवसा बाजूने, बुंध्याचा जवळून आणि रात्रीचा. समोरच्या फोटोत खांबाशेजारी माणूस उभा करा आणि त्याची उंची लिहा. तेवढ्यावरून माप निघतं. रात्रीच्या फोटोसाठी मोबाइलचा नाइट मोड बंद ठेवा, नाहीतर तो अंधार उजळतो आणि रंग फसतो. दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, विमानतळाच्या आसपास तर मुळीच नको. आम्हाला वरून काढलेला फोटो लागतच नाही.

खांब किती यावर आम्ही पैसे घेत नाही, किती प्रकारचे यावर घेतो. एकच फाइल पन्नास वेळा ठेवली काय किंवा पाचशे वेळा, यंत्राला तिचा भार तुलनेने थोडाच वाढतो. पाच वेगवेगळे खांब मात्र पाच कामं. त्यातही पाचही खांबांचे पोत १,०२४ गुणिले १,०२४ पिक्सेलच्या एकाच पानावर बसवून देतो. गल्लीतला ट्यूबलाइटवाला खांब, मुख्य रस्त्यावरचा एक हाताचा, दुभाजकावरचा दोन हातांचा आणि चौकातला हायमास्ट (उंच खांबावर दिव्यांचा घोस) एवढे चार असले की नागपूरचा बराचसा भाग उरकतो.

घरी बसवताना

एक्स-प्लेनमध्ये आमचं फोल्डर 'कस्टम सीनरी'त टाका, आणि सीनरीच्या यादीत ते जमिनीच्या मेशच्या (जमिनीचा चढउतार ठरवणाऱ्या फाइलच्या) वर आहे ना ते बघा. खाली गेलं तर दिवे दिसणारच नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ते 'कम्युनिटी' फोल्डरमध्ये जातं. एकाच जागी दोन-दोन खांब दिसले तर घाबरू नका: सिम्युलेटरने रस्त्यालगत स्वतःचे दिवे आधीच लावलेले असतात. ते काढून टाकणारा पट्टा आम्ही फाइलसोबत देतो, पण तुम्ही दुसऱ्या कोणाची नागपूरची सीनरी घातली असेल तर तिचं नाव आम्हाला आधी कळवा.

पहिल्यांदा चालवताना वेळ संध्याकाळची ठेवा. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मेमध्ये पावणेसातच्या आसपास. सूर्य क्षितिजाखाली जाताना दिवे लागतात का, आणि फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती फ्रेम) आमचं फोल्डर काढून व घालून किती बदलतो, एवढं पाहून कळवा. फरक दोन फ्रेमपेक्षा जास्त पडला तर आम्ही दिवे कमी करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सिम्युलेटरची नवी आवृत्ती आल्यावर दिवे बिघडले तर पहिल्या वर्षात दुरुस्ती फुकट.