प्लस दाबलं, तर टेबल डावीकडे का जातं?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये जुन्या मिलिंग मशिनला (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या) नवा सीएनसी कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रामप्रमाणे मशिन हलवणारी पेटी, बसवला होता. पंधरा दिवस काम बिनबोभाट चाललं. चौकोनी खाचे, गोलावरची भोकं, सगळं मापात. मग ॲल्युमिनियमच्या एका प्लेटवर गिऱ्हाइकाचं नाव कोरायचं काम आलं आणि अक्षरं उलटी उमटली. डोक्यावर नव्हे, ॲम्ब्युलन्सच्या तोंडावर लिहितात तशी, आरशातली.

प्रोग्राममध्ये चूक नव्हती. झालं होतं असं, की कंट्रोलर बसवणाऱ्याने एक्स-प्लसचं (एक्स म्हणजे डावी-उजवीकडचा अक्ष) बटण दाबलं आणि टेबल डावीकडे सरकलं. 'उलटं जातंय' म्हणून त्याने कंट्रोलरमध्ये दिशाच फिरवून टाकली. खरं तर ते आधीच बरोबर होतं.

भांडी बाजारात तांब्यावर नाव घालून घेताना नीट पाहा. कारागिराची छिन्नी जवळजवळ जागेवरच असते, तांब्याच फिरतो. अक्षरं उजवीकडे वाढायची, तर तांब्या डावीकडे वळवावा लागतो. तरीही 'नाव डावीकडे सरकलं' असं कोणी म्हणत नाही. सीएनसीचा नियम हाच आहे: अधिक-उणे ठरतं ते जॉबच्या (कापायच्या वस्तूच्या) मानाने टूल (कापणारं हत्यार) कुठे गेलं यावरून, टेबल कुठे गेलं यावरून नाही. उभ्या स्पिंडलच्या (टूल धरून फिरवणाऱ्या दांड्याच्या) मशिनवर एक्स-प्लसला टूल उजवीकडे जायला हवं. पण स्पिंडल त्या दिशेने हलत नाही, म्हणून टेबल डावीकडे पळतं. वाय-प्लसला टूल आपल्यापासून लांब जायचं, म्हणून टेबल आपल्या अंगावर येतं. नवख्या ऑपरेटरला हे पहिले काही दिवस चमत्कारिक वाटतं.

एवढी उठाठेव कशाला? कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याला मशिन कसलं आहे याची चिंता नको. प्लायवूड कापणाऱ्या राउटरमध्ये बऱ्याचदा टेबल स्थिर असतं आणि टूलचं डोकं सरकतं; मिलिंगमध्ये टेबल सरकतं. कोरायचं अक्षर मात्र दोन्हीकडे तेच. आयएसओ ८४१ या मानकात हीच पद्धत आहे.

तिसरा अक्ष झेड, तो नेहमी स्पिंडलच्या रेषेत. स्पिंडल आडवा असेल, तर झेडही आडवा. जॉबपासून दूर जाणं म्हणजे प्लस. शून्य जॉबच्या माथ्यावर धरलं असेल आणि उणे चिन्ह टाकायचं राहिलं, तर टूल जॉबात घुसत नाही, हवेत वर जातं. ही सोय मला फार आवडते.

उरलेलं उजव्या हातावर बसतं. तळवा वर करा. अंगठा उजवीकडे म्हणजे एक्स, तर्जनी समोर म्हणजे वाय, मधलं बोट वर म्हणजे झेड. डाव्या हाताने करून बघा, काही केल्या जमत नाही. एक अक्ष उलटला की मशिन 'डावखुरं' होतं आणि आरशातला जॉब कापतं. गंमत म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही उलटले, तर आरसा राहत नाही. जॉब नुसता अर्धा वळसा फिरलेला येतो. आमच्या गड्याने वायकडे पाहिलंच नव्हतं, म्हणून नेमका आरसा वाट्याला आला.

चौकोन आणि वर्तुळ आरशातही तसेच दिसतात, म्हणून पंधरा दिवस कोणाला पत्ता लागला नाही. तसा एक सुगावा होता. बाहेरच्या कडा खरबरीत येत होत्या आणि सगळे कटरला शिव्या घालत होते. आरशात टूलचा मार्ग उलटा होतो, जी-०२ या आज्ञेचा घड्याळी कंस जी-०३ सारखा, म्हणजे घड्याळाच्या उलट, कापला जातो, पण स्पिंडल मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरतो. त्यामुळे क्लाइंब मिलिंगचं (कटरचे दात जॉब सरकतो त्याच दिशेने कापतात) आपोआप कन्व्हेन्शनल (दात जॉबच्या उलट दिशेने कापतात) होतं आणि कडा खरबरीत येते. कटर बिचारा निर्दोष होता.

म्हणून मशिन लावताना आधी टूल भरपूर वर घ्यावं, वेग कमी ठेवावा आणि पहिल्यांदा झेड तपासावा. तिथली चूक सर्वांत महाग. मग स्पिंडलला पेन बांधून कागदावर 'क' काढावा. 'ठ' नको. तो आरशातही जवळपास तसाच दिसतो.

ती बिघडलेली प्लेट मालकाने भंगारात टाकली नाही. शाई लावून कागदावर दाबली, तर काळ्या चौकटीत गिऱ्हाइकाचं नाव पांढरं आणि अगदी सुलट उमटतं.